दोघींचं गुंतवळ

मी काही लिहिणारी बाई नाही. शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती माझ्या लेकीच्या पाटीवर, ती पहिलीत होती तेव्हा. ती गिरवायची आणि मी भाकरी थापता थापता बघायची. म्हणून माझं लिहिणं बोलल्यासारखंच होतं, ते सांभाळून घ्या. आमच्या तांड्यात घरी आम्ही गोरबोली बोलतो, पण हे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच लिहिते आहे.

लिहायला बसले त्याचं कारण सांगते. यवतमाळच्या दवाखान्यातून मला घरी सोडायच्या आधी बाजूच्या खाटेवर वणीकडची एक बाई आली. तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि मी उठून बसले. तोच कागद. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचा. केस तपासल्याचा.

"बाई, माह्या अंगात पारा निंगाला," ती मला म्हणाली. सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, जशी काही लेकीची सोयरीक जमली. ते फुलणं मला ओळखू आलं. मीही तशीच फुलले होते.

तिला जे सांगितलं, तेच इथे सांगते.

कविता

माझी एकुलती लेक कविता, नेरला दिली होती. घर चांगलं, जावई शांत. श्रावणी झाली, ती दुसरीत गेली, आणि कविताचं अंग दुखायला लागलं. आधी बोटं, मग गुडघे. ताप यायचा आणि जायचा. उन्हात गेली की गाल लाल व्हायचे. आम्ही म्हणायचो, गोरी आहे, ऊन लागतं. कोणी मलेरिया म्हटलं, कोणी टायफॉइड, कोणी अशक्तपणा. शेवटी अंगावर सूज आली तेव्हा नागपूरला नेलं. तिथे कळलं की किडन्या गेल्या. कशानं गेल्या, ते सांगायला वेळच राहिला नाही.

शेवटचे महिने ती माझ्याकडेच होती, राळेगावजवळच्या आमच्या तांड्यावर. दुपारी ओट्यावर बसून मी तिची वेणी घालायची, मग ती माझी. आमच्याकडे केसांवर भांडे देणारी बाई येते, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन. म्हणून विंचरलेले केस कोणी फेकत नाही. गुंतवळ बोटाला गुंडाळायचं आणि भिंतीच्या कोनाड्यात पिशवीत कोंबायचं. घरात जितक्या बाया, तितक्यांचं एकत्रच. ती बाई काट्यावर तोलून घेते. हे कोणाचं, ते कोणाचं, असं ती कशाला विचारेल?

कविताचे केस मुठीमुठीनं यायचे. फणी भरून जायची. माझा हात थांबायचा, तर ती मागे वळून म्हणायची, "याडी, यंदा आपल्याला मोठी परात येईन. माझ्या एकटीच्या केसात डबा तर येतेच."

याडी म्हणजे आई.

मी म्हणायची, "गप बस."

"झाकणासकट घेजो हं डबा. गेल्या खेपेला तुला बिनझाकणाचा टिकवला तिनं."

आणि हसायची. तिच्या हसण्यावर मला राग यायचा. आज तेवढंच हसणं कोणी विकत दिलं, तर डोक्यावरचे उरलेले सगळे केस काढून देईन.

ती गेली. तिचे कपडे आमच्या रीतीनं देऊन टाकले. कोनाड्यातली पिशवी मात्र मी काढली नाही. केसवाली बाई आली तर मी आतून ओरडायची, "नाहीत केस."

तेराव्याला

नेरला तेराव्याच्या दिवशी बाया बसल्या होत्या. माझी विहीण तोंडानं सडेतोड आहे, मनानं वाईट नाही. तिचंही घर उजाड झालं होतं. माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघून ती म्हणाली, "तुमचे बी सांधे कधीपासून दुखून राह्यले न, बाई? मायचंच लेकीत उतरलं. आता नातीत नाही उतरलं म्हणजे झालं."

श्रावणी तिथेच होती, पापड खात.

ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं गेलं आणि तिथेच राहिलं. लेक माझ्या पोटची, आणि तिचं मरणही माझ्याच पोटातून गेलं? आणि आता त्या पापड खाणाऱ्या पोरीतही जाणार? मला माझ्या दुखण्याचं काही वाटत नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की कोणीतरी म्हणावं, नाही, तुझ्यातून नाही गेलं.

फणी

माझंही वाढत चाललं. सकाळी मुठी उघडायच्या नाहीत. कविताचे बापू, म्हणजे माझा नवरा, कपातला चहा बशीत ओतून माझ्या तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "लग्नात एक घास भरवला होता, त्याची वसुली करून राह्यली तू."

राळेगावच्या डॉक्टरांनी वात म्हणून गोळ्या दिल्या. त्यानं बरं वाटायचं, हे खरं सांगितलं पाहिजे. भाकरी थापता येऊ लागली होती.

मग एक दिवस वेणी घालायला बसले आणि फणी भरली. तसाच पुंजका, तेवढाच. मी फणी मांडीवर ठेवली आणि ओट्यावर बसून राहिले. दवाखान्यात आजाराचं नाव कळतं तो दिवस मोठा, असं लोक म्हणतात. माझा मोठा दिवस तो फणीचा. नाव माहीत नव्हतं, पण कोण आलं आहे ते ओळखलं.

बाहेरून

पांढरकवड्याला एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. जुनाट दुखणी, केसांवरून तपासणी. भावजयीनं सांगितलं म्हणून गेले. तिथला माणूस मोठा गोड बोलणारा. ताई-ताई करून त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. इतकी वर्षं मी दवाखान्यांत उभीच राहत आले होते, तर त्या खुर्चीनंच अर्धी बरी झाले.

तो म्हणाला, "ताई, ज्वारीच्या धांड्याला जशी पेरं असतात न, पाऊस कधी झाला, कधी ताण पडला ते पेरावरून कळतं, तसा केस असतो. अंगात गेलेला पारा, शिसं, सगळं केसात लिहून राहते."

मला ते पटलं. शेतातल्या माणसाला असं सांगितलं की पटतंच. त्यानं मानेमागचे थोडे केस कापून घेतले.

मी उठले आणि पुन्हा बसले. विचारलं, "मेलेल्या माणसाचे केस चालतात का?"

त्यानं कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "चालतात. केस मरत नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी कोनाड्यातल्या पिशवीतून चिमूटभर केस काढून पुडीत बांधून नेले. पुडीवर कविताचं नाव मीच लिहिलं, तिच्याच पाटीवर शिकलेल्या अक्षरात.

कागद आले तेव्हा त्यानं दोन्ही शेजारी मांडले. पारा लाल. शिसं लाल. दोघींच्या पट्ट्या सारख्याच लांब.

"बघा ताई, सेम टू सेम. हे अंगातलं नाही. हे बाहेरून आलेलं आहे. पाण्यातून, नाहीतर फवारणीतून."

बाहेरून. मी त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग त्या कार्यालयात, लग्नाच्या पताका लटकत होत्या तिथेच, पदर तोंडात धरून रडले. विष निघाल्याच्या आनंदात रडणारी बाई त्यानंही पहिल्यांदाच पाहिली असेल.

नेर

कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि एसटीनं नेरला गेले. विहिणीपुढे ठेवले. तिला वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो.

"हे पाहा," मी म्हटलं, "मायचं नाही उतरलं लेकीत. आम्हा दोघींच्या अंगात बाहेरून गेलं. पाण्यातून."

तिनं कागद उलटापालटा केला. "कोठल्या पाण्यातून?"

"आमच्या तांड्यावरच्या. बोअरच्या."

"म्हणजे कविता आजारपणात तुमच्याकडे राहाली, अन् तेच पाणी पेली?"

मी मान हलवली.

"अन् लग्नाआधी बी तेच पेली." तिनं कागद माझ्या मांडीवर परत ठेवला. "मग पोरीले सुटीत तिकडे कायले धाडू मी? तुम्हीच सांगा."

जावई दारात उभा होता. श्रावणीनं माझ्यासोबत यायला कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती, ती तिनंच आत नेऊन ठेवली. लेकीचं मरण माझ्या अंगावरून काढायला गेले होते, आणि नात हातची गेली. एसटीत बसले तेव्हा बाजूच्या बाईनं विचारलं, "माहेराहून निंगाल्या का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

पुड्या

शिबिरातल्या माणसानं विष काढायच्या पुड्या दिल्या होत्या. त्या चालू असताना डॉक्टरच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, असं बजावलं होतं. मी गोळ्या एकदम सोडल्या. कविताचे बापू म्हणाले, "ज्यानं हात उघडत होता, तेच काहून सोडतं?" मी म्हटलं, तुम्हाला नाही कळत. मला विष काढायचं होतं. विष निघालं असतं म्हणजे ते होतं हे खरं झालं असतं.

पंधरवड्यात पाय खांबासारखे झाले. तोंड सुजून डोळे मिटले. लघवीला फेस येऊ लागला. शेजाऱ्याच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं. वाटेत मला फक्त एवढंच आठवत होतं की कवितालाही असंच नेलं होतं, आणि ती गाडीतही म्हणाली होती, "याडी, खिडकी उघड, धाब्यावरच्या भाजीचा वास घेऊ दे."

वॉर्ड

मोठ्या दवाखान्यातलं जगणं ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. पहाटे रक्त न्यायला येतात, मग झाडूवाली मावशी येते आणि सगळ्यांचे डबे, चपला, नातेवाईक एकाच दमात खाटेखाली सरकवते. मोठे डॉक्टर येतात तेव्हा सगळा वॉर्ड शाळेसारखा गप्प. पाठीतून सुई घालून किडनीचा इवलासा तुकडा काढला. त्या दिवशी मावशीनं माझा हात धरून ठेवला आणि वर म्हणाली, "आजी, जोरात दाबू नका, याच हातानं मले पोछा मारायचा हाये." अशी माणसं असतात म्हणून माणूस तरून जातो.

एक तरुण डॉक्टरीण माझ्याकडे बघत होती. तिला मी पहिल्याच दिवशी कागद दाखवले. ती हसली नाही, रागावली नाही. "ठेवून देते, आजी. आपण रक्तात आणि लघवीत बघू," म्हणाली.

नंतर खाटेवर बसून तिनं सांगितलं, "तुमच्या रक्तात शिसं नाही, पारा नाही. केसांना बाहेरून काहीही चिकटतं. तेल, सिंदूर, काळी मेहंदी. त्या कागदावरून दुखणं ठरवता येत नाही." मग माझ्या आजाराचं नाव सांगितलं. ल्युपस. म्हणजे अंगातली राखण करणारी माणसंच घर ओळखायची विसरतात आणि आपल्याच घरावर दगड मारतात. सांध्यांवर, चामडीवर, केसांवर, किडनीवर.

मी ऐकतच नव्हते. म्हटलं, "बरं, माझं नसेल. पण माझ्या लेकीत होतं. दोन्ही कागद सारखे आहेत, बघा तुम्ही. तिचे केस आहेत माझ्याकडे. तुमच्या मशीनवर लावा."

ती म्हणाली की त्यानं काही कळणार नाही. पण मी अडूनच बसले. कविताचे बापू तांड्यावर जाऊन कोनाड्यातली पिशवी घेऊन आले.

पिशवी

डॉक्टरणीनं पांढऱ्या चादरीवर ती पिशवी हळूच मोकळी केली. एवढा मोठा गुंता. तिनं वरचा एक पुंजका उचलला, खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आजी, लेक किती वर्षांची होती?"

"तिशीची."

"ती मेहंदी लावायची का केसांना?"

"नाही. तिचे काळेभोर होते. मेहंदी मी लावते."

तिनं तो पुंजका माझ्या हातात दिला. केसांची मुळं पांढरी, आणि पुढे काळ्या मेहंदीचा तो तांबूस रंग.

मग मला समजलं. आम्ही दोघी एकाच ओट्यावर विंचरायचो, एकाच पिशवीत कोंबायचो. आणि ती गेल्यावरही माझा हात सवयीनं त्याच कोनाड्यात जायचा. वरचा थर सगळा माझाच होता. चिमूट मी वरूनच काढली होती. कविताच्या नावाच्या पुडीत माझेच केस गेले होते. दोन कागद सारखे आले नसते तर नवल. माझीच माझ्याशी सोयरीक लावून मी नेरपर्यंत मिरवत गेले होते.

डॉक्टरणीनं चादर गोळा करायला घेतली. मी म्हटलं, "थांब, बाई." खाली तळाशी काळे होते. लांब, नुसते काळे. पण त्यातही माझे गुंतलेले. एक ओढावा तर दुसरा तुटे. कविताचे बापू बाजूला उभे होते. ते म्हणाले, "राहू दे. दोघी एकाच जागी हायेत न. राहू दे." मग ते व्हरांड्यात निघून गेले. लेक गेली तेव्हा न रडलेला तो माणूस पाठमोरा उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

जरा वेळानं मी डॉक्टरणीला विचारलं, "म्हणजे कविताला हेच होतं?"

"तुम्ही सांगता त्यावरून, बहुतेक हेच."

"माझ्यातून गेलं?"

तिनं खोटं सांगितलं नाही, याचे मी आजही उपकार मानते. "आजी, घराण्यात थोडा कल असतो. पण बहुतेक लेकरांना काहीच होत नाही. कोणाला होईल हे कोणी सांगू शकत नाही. आणि यात तुम्ही केलेलं काहीही नाही."

"नातीचं रक्त तपासायचं का?"

"आत्ता नाही. लक्ष ठेवायचं. सांधे दुखले, उन्हानं गाल लाल झाले, उगाच ताप आला, केस फार गळले, तर लगेच आणायचं. लवकर कळलं तर यावर औषध आहे. तुम्हीच बघा ना."

लवकर कळलं तर. ते तीन शब्द डॉक्टरीण गेल्यावर मी कितीदा तरी म्हटले. कविताला लवकर कळलं नाही.

जावई

आता नेरला सांगणं आलं. खरं सांगितलं तर विहिणीचं बोलणं खरं ठरणार होतं, माझ्याच तोंडून. न सांगावं, तर श्रावणीवर लक्ष कोण ठेवणार? त्यांच्या घरी तर दुखणं पाण्यातलं ठरलं होतं आणि पाणी बंद झालं होतं. ती पोरगी उन्हातून लाल होऊन आली असती, तर ते म्हणाले असते, गोरी आहे.

जावई डबा घेऊन भेटायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. पिशवीचं, पांढऱ्या मुळांचं, आजाराच्या नावाचं. "जवाईबापू, तुमची आई म्हणाली ते खरं असू शकते. माझ्या कागदावर जाऊ नका. पोरीवर नजर ठेवा."

तो डब्याचं झाकण लावत होता. ते काही केल्या बसेना.

"श्रावणीले होईन का, आई?"

"माहीत नाही, बापू."

बराच वेळ तो झाकणाशीच खटपट करत राहिला. मग म्हणाला, "पाण्याचा दोष नाही तर मग. सुटीत आणून सोडतो तिले. तिची नजर तुमच्यासारखी कोणाची राहीन?"

आता

मी बरी झाले असं म्हणत नाही. गोळ्या आयुष्यभर आहेत. तोंड गोल झालं आहे, उन्हात छत्री घेऊन फिरते, तांड्यातल्या बाया मला मडम म्हणतात. पण किडनी सावरली. भाकरी थापते. ती पिशवी परत कोनाड्यात ठेवली आहे.

वणीच्या त्या बाईला मी म्हटलं, तुझा कागद फाडू नको, पण त्याच्या जोरावर गोळी सोडू नको. डॉक्टरला दाखव, अंगात खरंच काही विष आहे का ते रक्तात पाहायला सांग. आणि ज्यानं खुर्ची दिली त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नको, बाई. आपल्याला खुर्चीची सवय नसते, म्हणून आपण फसतो. तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. मला वाटलं, तिला माझं पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

श्रावणी सुटीत आली आहे. सातवीत गेली. केस आईसारखे, कमरेपर्यंत. दुपारी ओट्यावर माझ्यापुढे बसते आणि तोंड चालू असतं, शाळेतलं, मैत्रिणींचं, नेरच्या आजीनं भांडून दिलेल्या लोणच्याचं. मी ऐकते आणि फणी उन्हाकडे धरून बघते. चार-पाच केस येतात. सगळ्यांना तेवढे येतातच, असं डॉक्टरीण म्हणाली आहे. तरी बघते.

काल तिनं मागे वळून विचारलं, "नानी, हे कुठे ठेवते तू?"

"ठेवते."

"त्या कोनाड्यातल्या पिशवीत ठेव न. तिथे याडीचे बी हायेत, तुझे बी हायेत. माझे बी राहू दे."

मी ते केस बोटाला गुंडाळले. कोनाडा हाताच्या अंतरावर होता. ती वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं, आणि तिचं डोकं पुढे वळवून वेणी घालायला घेतली. तिचे केस मी त्या पिशवीत ठेवले नाहीत. वेणी होईपर्यंत मुठीतच धरून ठेवले.